अनोळखी दोघांची गाण्यांची गोष्ट गणपतीत कशी बसवावी

आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरात गणपतीच्या दहा दिवसांतली एक संध्याकाळ गाण्यांच्या नाटकाची असते. गेली बारा वर्षं ते बसवायचं काम माझ्याकडे आहे. गोष्ट दरवेळी नवी असली तरी गाभा तोच: एकमेकांना न ओळखणारे दोघं, हिंदी सिनेमाची चार-पाच गाणी आणि पाऊण तासात जमत जाणारं प्रेम. यंदा दुसऱ्या कॉलनीतल्या मुली घरी आल्या आणि म्हणाल्या, "काकू, आम्हालाही असंच करायचंय. कुठून सुरुवात करू?" त्यांना सांगितलं ते इथे नीट लिहून काढते.

सुरुवात गाण्यांपासून करू नका. आधी ते दोघं एका जागी का अडकलेत ते ठरवा. अनोळखी माणसं एरवी दोन मिनिटांत आपापल्या वाटेनं निघून जातात, आणि जायला हरकत नसेल तर गोष्टच उरत नाही. 1958 च्या 'चलती का नाम गाड़ी'मध्ये भर पावसात मधुबालाची गाडी बंद पडते. 2007 च्या 'जब वी मेट'मध्ये रतलाम स्टेशनावर गाडी सुटते. आपण इंदूरकर रतलामला इतक्यांदा गाड्या बदलतो की ती धावपळ कोणाला समजावून सांगावी लागत नाही. तुमच्या गोष्टीतही आपल्या प्रेक्षकाला ठाऊक असलेलीच अडचण घ्या.

मागच्या वर्षी मी आमचा सराफा बाजार घेतला. दिवसा तिथे सोन्या-चांदीची दुकानं, आणि रात्री शटर खाली आली की त्यांच्याच ओट्यांवर, त्यांच्याच समोर खाण्याच्या गाड्या लागतात. माझ्या गोष्टीत दोघंही दुरुस्तीला दिलेला दागिना घ्यायला येतात, आणि दुकान नुकतंच बंद झालेलं असतं. त्याला आजीची नथ हवी आहे, तिला आईच्या पाटल्या. शेजारचा गाडीवाला सांगतो, "सेठजी रोज बारा वाजता जिलबी खायला येतात, थांबा." घड्याळात सव्वा अकरा. म्हणजे नाटकाचा पाऊण तास आणि गोष्टीतला पाऊण तास एकच झाला. असा ठरलेला वेळ मिळाला की संहिता निम्मी लिहून होते.

खाण्याचे पदार्थ ऋतूप्रमाणे घ्या. पहिल्या खर्ड्यात मी गराडू, म्हणजे तळलेले कंद, लिहिले होते. तालमीला बसलेल्या एका आजोबांनी लगेच हात वर केला: "भाद्रपदात गराडू कुठले? ते थंडीत." बरोबरच होतं त्यांचं. गराडू काढून भुट्ट्याचा, म्हणजे मक्याच्या कणसाचा, कीस घातला, आणि त्यातूनच दोघांच्या भेटीचा प्रवेश सापडला. गाडीवर शेवटचा एक द्रोण उरलाय आणि दोघांनी एकदमच हात पुढे केलाय.

"घ्या ना तुम्ही."
"नाही, तुम्हीच घ्या. मी दुसरा घेईन."
"दुसरा नाहीये. कढई रिकामी झाली."
"मग... दोन चमचे मागू का?"

एवढंच. यात कोणी कोणाची तारीफ केलेली नाही, पण दोन चमच्यांपाशी प्रेक्षक पुढे सरसावून बसतात.

आता मी ज्याला सगळ्यात जास्त जपते ती गोष्ट. आपल्या भाषेत अनोळखीपणा 'तुम्ही'त राहतो आणि 'तू' आला की तो संपतो. नाटकात हा 'तू' एकदाच, अगदी उशिरा येऊ द्या. घाईघाईत पहिल्याच गाण्यानंतर "तू किती छान गातेस" लिहिलंत तर पुढची चाळीस मिनिटं कशाच्या जोरावर चालवणार? आणि तो 'तू' ठरवून उच्चारलेला नसावा, तोंडातून निसटलेला असावा. माझ्या नाटकात मुलगा गरम जिलबी उचलतो आणि मुलगी ओरडते, "अरे, तोंड भाजेल तुझं!" मग दोघंही गप्प. त्या शांततेत वादकांना एक सूरसुद्धा वाजवू देऊ नका. मी मनात पाच आकडे मोजते, मगच ढोलकीला खूण करते.

गाणी निवडतानाही हाच धागा धरा. वहीत तीन रकाने आखा: ज्यात समोरच्याला संबोधलेलंच नाही अशी गाणी, 'आप'ची गाणी, आणि 'तुम' किंवा 'तू'ची गाणी. त्याच क्रमाने ती नाटकात येऊ द्या. पहिलं गाणं एकमेकांना उद्देशून नकोच. 'सोलवा साल'मध्ये, हाही 1958 चाच, देव आनंद रेल्वेच्या डब्यात 'है अपना दिल तो आवारा' गातो. वहीदा रहमान त्याच डब्यात बसलेली आहे, पण गाणं तिच्या अंगावरून वाऱ्यासारखं जातं आणि तरीही तिलाच लागतं. हेमंतकुमारांचा आवाज आणि राहुलदेव बर्मन यांनी वाजवलेला माउथ ऑर्गन नुसता ऐकला तरी कळतं, गळ्यात न पडता जवळ कसं जायचं. 'चलती का नाम गाड़ी'तल्या 'एक लड़की भीगी भागी सी'मध्ये तर किशोरकुमार समोर उभ्या असलेल्या मुलीला तिचीच हकीगत 'एक लड़की' म्हणून सांगतो, आणि ताल धरतो तो गॅरेजमधल्या पान्यांवर. हे उचलण्यासारखं आहे. आम्ही कढईवर झारा वाजवला. ढोलकीवाल्याने पहिले आठ आवर्तन हात बांधून ठेवले आणि मग ठेका उचलला, तेव्हा टाळ्या पडल्या.

पाचापेक्षा जास्त गाणी घेऊ नका. एका वर्षी मी सगळ्यांचं मन राखायला अकरा घेतली, आणि नाटक बाजूला राहून ऑर्केस्ट्रा झाला. मुखडा, एक अंतरा, परत मुखडा, बस, दोन-सव्वादोन मिनिटं. जे बोलून सांगता येतं त्यावर गाणं खर्च करू नका. 'तुम्ही' म्हणत असताना जे बोलायची सोय नाही, तेवढंच गाण्यात जाऊ द्या.

द्वंद्वगीत एकच ठेवा आणि त्याची पट्टी, म्हणजे 'सा' कुठला धरायचा ते, तालमीच्या पहिल्याच दिवशी पक्की करा. मुलगा साधारण पेटीवरच्या काळी एकमध्ये सुखात असतो, मुलगी काळी चार-पाचमध्ये, आणि दोघांना एकाच पट्टीत गायचं असतं. पेटी पुढ्यात घेऊन दोघांच्या ओळींतला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर आधी तपासा. मी मुलीच्या खालच्या सुराकडे पाहून पट्टी ठरवते, कारण उघड्या मांडवात वरचा सूर कसाबसा पोचतो, खालचा मात्र मुलांच्या गोंगाटात बुडून जातो. मग मुलाला अंतरा चढायला लागला तर ती ओळ सरळ मुलीला देऊन टाका. कॅराओके ट्रॅक घेणार असाल तर तो दोन-तीन अर्ध्या सुरांपलीकडे सरकवू नका, वाद्यांचा आवाज पत्र्यासारखा होतो. मला विचाराल तर पेटी आणि ढोलकी बरी. नट श्वास घ्यायला थांबला तर ढोलकी थांबते, ट्रॅक थांबत नाही.

इंदूरमध्ये गाणं सैल होऊन चालत नाही. लताबाईंचा जन्म या गावचा, 28 सप्टेंबर 1929. किशोरकुमार त्याच वर्षी 4 ऑगस्टला खंडव्यात जन्मले आणि शिकायला इथल्या ख्रिश्चन कॉलेजात आले. आमच्या मांडवात पहिल्या रांगेत बसणाऱ्या आज्यांना या दोघांची प्रत्येक हरकत पाठ आहे. म्हणून मुलांना मी सांगते, नक्कल करू नका, त्या तुलनेत कोणीच टिकत नाही. शब्द स्वच्छ म्हणा, सूर सरळ लावा.

तालमीला तीन आठवडे हवेत. पात्रं निवडताना खरोखर फारशी ओळख नसलेले दोघं घ्या. पहिले दहा दिवस मी त्यांना वेगवेगळ्या वेळी बोलावते, त्याला सातला, तिला साडेआठला. समोरच्याच्या ओळी मी वाचते. अकराव्या दिवशी ते पहिल्यांदा एकत्र येतात, तेव्हा चेहऱ्यावरचा संकोच खरा असतो. तो मी मोबाइलवर टिपून ठेवते आणि पुढे तालमीने चेहरे गुळगुळीत झाले की त्यांना परत दाखवते: "बघा, त्या दिवशी तू बोलताना द्रोणाकडे बघत होतीस. आता याच्याकडे बघतेस. द्रोणाकडे बघ."

माईकचं आधीच बघा. हातात माईक धरून कोणी द्रोण धरू शकत नाही. कॉलरचे दोन भाड्याने आणा, आणि नवे सेल प्रयोगाच्या अर्धा तास आधी स्वतः घाला. नेपथ्य थोडकं: मागे शटर रंगवलेला पडदा, एक बाकडं, एक गाडी, गाडीवर खराखुरा दिवा. कढईत जिलबी खरी तळली तर वासानेच अर्धं काम होतं, पण मग वाळूची बादली विंगेत हवी आणि गॅसपाशी एक मोठं माणूस बसवायचं.

शेवटासाठी दोघांची नावं राखून ठेवा. पाऊण तासात कोणी कोणाला नाव विचारत नाही, प्रेक्षकांनाही ते कळत नाही. बाराच्या ठोक्याला सेठजी येतात, अर्धं शटर वर करतात आणि पावतीपुस्तक उघडून विचारतात, "नाव?" तो सांगतो. ती ऐकते. मग तिची पाळी, आणि ती सेठजींकडे न बघता त्याच्याकडे बघून सांगते. इथे गाणं घालायचा मोह होईल, घालू नका. पेटीवर नुसता षड्ज, म्हणजे 'सा', धरून ठेवायला सांगा, आणि गाडीवरचा दिवा सगळ्यात शेवटी मालवा.