रोपांआधी विटांचा ढीग बघा: परसबागेतल्या गोगलगायींसाठी पावसाळी सल्ला

मृगाचा पाऊस झाला की दोन-चार रात्रींतच परसातली काकडी, दोडका, भेंडीची दोनपानी रोपं नाहीशी व्हायला लागतात. सकाळी पाहावं तर नुसता देठ उभा. लोक म्हणतात अळी पडली, आणि तडक कृषी सेवा केंद्र गाठतात. तिथे बाटली तयारच असते. पण रोपं खाणारी बहुतेक वेळा गोगलगाय असते, आणि ती कीटक नाही, मृदुकाय प्राणी आहे. अळीच्या औषधाने तिचं काही बिघडत नाही. ते औषध जातं तुमच्या ताटातल्या भाजीवर.

ओळखायला सोपं आहे. वाफ्याच्या कडेने, पानावरून वाळलेला चकचकीत चिकट माग गेलेला दिसतो. शंका असेल तर रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन एक फेरी मारा.

नुकसान कशाने होतं, तर सगळे रोपाकडे बघत बसतात आणि गोगलगाय दिवसा कुठे राहते तिकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. हौदामागे रचलेल्या जुन्या विटा, पालथी फुटकी कुंडी, भिंतीला टेकवलेला पत्रा, नळाखालची ओल, कंपोस्टच्या खड्ड्याची कड, कुजलेलं गोणपाट. गोगलगाय इथे दिवस काढते आणि अंडी घालायला अशीच ओली, भुसभुशीत जागा शोधते. आज एक वीट उलटून बघा. शंखी गोगलगायीची अंडी पिवळसर पांढरी, साबुदाण्यापेक्षा थोडी मोठी, पुंजक्याने असतात. एका पुंजक्यात शंभरावर निघू शकतात. नर-मादी वेगळे नसल्याने प्रत्येक गोगलगाय अंडी घालते. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडे हिनेच उगवतं सोयाबीन फस्त केलं, लोकांना दुबार पेरण्या कराव्या लागल्या. परसातल्या चार वाफ्यांना तर ती एका रात्रीत पुरते.

म्हणून लागवड आठवडाभर पुढे गेली तरी चालेल, पण पावसाआधी ढीग हलवा. पाऊस सुरू झाला असेल तर आजच हलवा. अंडी दिसली तर उन्हात पसरून टाका किंवा चुरडा.

बाकीची कामं:
– बांधाचं, कुंपणाकडेचं गवत काढणे
– पिवळी, जमिनीला टेकलेली पानं खुडणे
– पाणी संध्याकाळी न देता सकाळी देणे
– बी थेट न टोकता पिशवीत रोपं वाढवून चार-पाच पानांवर लावणे

सापळा: १० लिटर पाण्यात १ किलो गूळ विरघळवून त्यात गोणपाट भिजवा, संध्याकाळी वाफ्यांमध्ये पसरा, उन्हं वर यायच्या आत उचला. खाली जमलेल्या सगळ्या गोळा करा. शेतात ७ ते ८ मीटरवर एक पोतं सांगतात. परसाला दोन-तीन तुकडे पुष्कळ. माझा अनुभव विचाराल तर पपईच्या पानांखाली किंवा कोबीच्या टाकाऊ पानांखाली गुळाच्या पोत्यापेक्षा जास्त सापडतात, आणि खर्च शून्य. हे कुठल्या शिफारशीत शोधू नका, करून बघा.

उघड्या हाताने उचलू नका. त्यांच्या अंगात उंदराच्या फुप्फुसातला जंत असू शकतो आणि तो माणसाच्या मेंदूपर्यंत जातो. हातात प्लास्टिकची पिशवी घाला, पोरांना लांब ठेवा, पालेभाजी पान-पान सुटं करून धुवा. गोळा केलेल्या गोगलगायी मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात बुडवा, मग खड्ड्यात चुना टाकून पुरा. कृपा करून जिवंत गोगलगायी कुंपणापलीकडे भिरकावू नका. शेजाऱ्याच्या विटांत राहून रात्री त्या तुमच्याच वाफ्यात येतात. ते मिठाचं पाणी वाफ्यात ओतू नका, आणि रोपाभोवती मीठ तर अजिबात नको, माती खराब होते.

कडेने चुन्याच्या भुकटीचा १० सेंटिमीटरचा पट्टा ओढायला सांगतात. ठीक आहे, पण एक सर आली की तो गेला, राखेचंही तेच. उघडीप असेल तेव्हाच ओढा. अंड्याच्या टरफलांवर आणि तांब्याच्या महागड्या पट्ट्यांवर विसंबू नका. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये असले अडथळे बागेत लावून तपासले, काही फरक दिसला नाही. दुकानातल्या मेटाल्डिहाइडच्या, म्हणजे गोगलगायी मारायच्या विषारी गोळ्या घराजवळ नकोतच, कुत्र्याने खाल्ल्या तर जिवावर बेततं. ‘सेंद्रिय’ लिहिलेली पाकिटं घ्यायची झाली तर आत काय आहे ते आधी वाचा.

भारद्वाज परसात उतरत असेल तर त्याला हुसकू नका, तो गोगलगायी खातो. काजव्याच्या अळ्याही खातात, तेवढ्यासाठी तरी कीटकनाशक आवरा. बदकं खातात खरी, पण कोवळी रोपंही सोडत नाहीत.

वेचणी चार दिवस करून सोडू नका. अंड्यांतून पिल्लं निघत राहतात, गणपतीपर्यंत एक दिवसाआड पोती उचलावीच लागतात. दिवाळीनंतर ओल आटली की शंखी गोगलगाय तोंडावर पांढरा पापुद्रा ओढून त्याच विटांखाली, भिंतीच्या फटीत महिनोन् महिने पडून राहते. असे शंख रिकामे समजून सोडू नका, तेही मिठाच्या पाण्यात टाका.