ढेकण्या घरात शिरू नये म्हणून काय करावं?

नाशिकच्या आडगाव, मखमलाबाद, म्हसरूळकडे शेताच्या कडेला राहणाऱ्यांना हा किडा नवा नाही. सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की संध्याकाळी ट्यूबलाइट लावताच तो टक्कन भिंतीवर आदळतो. ढालीच्या आकाराचा, हिरवा किंवा मातकट. पीक उभं असतं तोवर तो शेंगांचा, टोमॅटोचा रस शोषतो. शेत मोकळं झालं की उजेडाकडे येतो. गादीतल्या ढेकणासारखा तो रक्त पीत नाही, घरात त्याची पैदासही होत नाही. त्रास वासाचा. गेल्या दिवाळीत आमच्या चिवड्याच्या परातीत एक पडला, झाऱ्याखाली चिरडला गेला आणि आईने पहाटेपासून केलेला सगळा चिवडा टाकावा लागला. तेव्हापासून ही कामं मी दसऱ्याआधीच उरकते.

सुरुवात दिव्यांपासून करा, फटींचं नंतर बघू. किडे पांढऱ्या-निळसर उजेडाकडे जास्त ओढले जातात, पिवळ्याकडे कमी. गॅलरीतला आणि दारावरचा पांढरा एलईडी काढून पिवळसर लावा. आकाशकंदिलातही पिवळाच बल्ब घाला आणि तो दारापासून जमेल तेवढा लांब टांगा. दिवेलागणीला खिडक्या लावून पडदे ओढून घ्या. वारा हवाच असेल तर आधी खोलीतला दिवा बंद करा, मग खिडकी उघडा.

आता फटी. रात्री घरात पूर्ण अंधार करून बाहेरचा दिवा लावा. जिथून उजेडाची रेघ आत येते, ती ढेकण्याची वाट. दाराखाली रबरी पट्टी बसते, एसीच्या पाइपाभोवतीचं भोक एम-सीलने बुजतं. सरकत्या खिडकीच्या दोन पल्ल्यांमधली ब्रशची पट्टी झिजली असेल तर बदलून घ्या. आमच्याकडे बरेचसे तिथूनच यायचे. खिडकीच्या ट्रॅकमधली बारीक भोकं मात्र बुजवू नका. पावसाचं पाणी त्यातूनच बाहेर जातं. तिथे जाळीचा तुकडा चिकटवा.

दोरीवरचे कपडे ऊन असतानाच झटकून आत घ्या.

इतकं करूनही एखादा आलाच, तर चप्पल उगारू नका. छातीखालच्या ग्रंथींतून तो वास सोडतो, आणि चिरडला की सगळा वास एकदम बाहेर येतो. त्यातले काही घटक कोथिंबिरीतही असतात, म्हणून तो कुजक्या कोथिंबिरीसारखा वाटतो. प्लास्टिकची बाटली अर्धी कापून त्यात साबणाचं पाणी घ्या, ती किड्याखाली धरा आणि वरून कागदाने हलकेच ढकला. डिवचलं की तो स्वतःच खाली पडतो. साध्या पाण्यावर तरंगेल, साबणाच्या पाण्यात बुडतो. घरात विषारी फवारा मारू नका. फराळ उघडा असतो, मुलं जमिनीवर खेळतात, आणि उद्या संध्याकाळी शेतातून नवे येणारच असतात.

हाताला वास लागला तर आधी खोबरेल तेल चोळा, मग साबण लावा. डोळ्याला लागलं तर न चोळता भरपूर साध्या पाण्याने डोळा धुवा, आणि आग थांबली नाही तर डॉक्टरांकडे जा.