गोयांची ‘मारागातो’ चित्रमालिका कशी पाहावी

स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोया यांनी १८०६ च्या सुमारास लाकडी फळ्यांवर रंगवलेली ही सहा तैलचित्रे आज शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. ती पाहण्याआधी मूळ घटना समजून घ्यावी, कारण त्या काळच्या स्पॅनिश माणसाला ती ठाऊकच होती. ‘एल मारागातो’ या नावाने कुप्रसिद्ध असलेला, तुरुंगातून पळालेला दरोडेखोर पेद्रो पिन्येरो याला जून १८०६ मध्ये फ्राय पेद्रो दे साल्दिविया या फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती भिक्षूने स्वतः निःशस्त्र असताना पकडले. ही हकिकत वर्तमानपत्रांतून, लोकगीतांतून आणि स्वस्त छापील चित्रांतून देशभर पसरली, आणि त्याच वर्षी मारागातोला माद्रिदमध्ये फाशी झाली.

प्रत्येक चित्र जेमतेम २९ बाय ३८ सेंटिमीटरचे आहे. त्यामुळे एकच चित्र मोठे करून न पाहता सहाही चित्रे क्रमाने, सारख्याच आकारात शेजारी शेजारी मांडावीत. पार्श्वभूमीवर फार वेळ घालवू नये. गोयांनी ती मुद्दामच उघडीबोडकी ठेवली आहे.

पहिल्या फेरीत फक्त बंदुकीचा माग काढावा. पहिल्या चित्रात ती दरोडेखोराच्या हाती असून भिक्षूवर रोखलेली आहे. दुसऱ्यात भिक्षू बूट पुढे करतो आणि त्याच मिषाने नळी बाजूला सारण्याच्या तयारीत असतो. तिसऱ्यात ती दोघांच्या ओढाताणीत सापडते, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ द्यावा तो याच चित्राला, कारण शेवट ठाऊक असूनही जिंकणार कोण, हा प्रश्न इथे क्षणभर खराखुरा वाटतो. चौथ्यात भिक्षू दस्त्याने प्रहार करतो, पाचव्यात गोळी झाडतो आणि दरोडेखोराचा घोडा दूर पळतो. सहाव्यात दोर बंदुकीची जागा घेतो.

दुसऱ्या फेरीत शरीरांकडे पाहावे: पाठीचा बाक, पावलांची पकड, झग्याचा घोळ. चेहऱ्यांपेक्षा इथेच कथा अधिक स्पष्ट बोलते, आणि झपाट्याने मारलेले कुंचल्याचे फटकारे तिला वेग देतात.

ही चित्रे १८१२ च्या यादीत गोयांच्या घरातील मालमत्तेत नोंदलेली आहेत. म्हणून त्यांत एखाद्या दरबारी आश्रयदात्याची मर्जी शोधण्यापेक्षा, चित्रकाराला त्या झटापटीतला कोणता क्षण निवडावासा वाटला आणि कोणता गाळावासा वाटला, हे प्रत्येक दोन चित्रांमधल्या मोकळ्या जागेत शोधावे.