वाडीतल्या सभेत 'व्हय म्हाराजा' कसं मिळवावं: प्रचाराच्या भाषणाची तयारी

ज्याने कोकणात गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला घातलेलं साकडं, ऐकलंय, त्याने भाषणकलेचा पहिला धडा ऐकलेला असतो. गावकर 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात करतो, एकेक मागणं मांडतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेली मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. वाक्यं आखूड असतात, लय ठरलेली असते आणि मागणं असं असतं की ऐकणाऱ्याला ते आपलंच वाटतं. ग्रामपंचायतीला किंवा जिल्हा परिषदेला उभं राहणाऱ्याने भाषण बसवताना हाच नमुना डोळ्यांपुढे ठेवावा. प्रत्येक वाक्यानंतर स्वतःला विचारायचं: इथे समोरच्या बाईच्या मनात 'व्हय' उमटेल का?

मात्र लय घ्यायची, देव घ्यायचा नाही. धर्म, जात, भाषा यांच्या नावावर मत मागणं हा लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकांना लागू असलेल्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचार आहे. हे बंधन उमेदवाराच्याच नव्हे, मतदाराच्या धर्म-जातीलाही लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केलं.

आधी वाडीत जा, मग वही उघडा

सभेच्या दोन-तीन दिवस आधी वाडीत जाऊन फक्त ऐका. ओढ्यावरचा साकव कधी वाहून गेला, पाखाडीच्या पायऱ्या कुठे खचल्यात, नळाला पाणी किती वाजता येतं, हे लोकांच्याच शब्दांत लिहून घ्या. बंदरावरच्या वाडीत एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीचा विषय निघेल, आंब्याच्या वाडीत फवारणीच्या खर्चाचा. एका सभेला एकच मुख्य विषय पुरे. पाच विषय घेतलेत तर घरी जाताना एकही लोकांच्या लक्षात राहत नाही.

शेवटचं वाक्य आधी लिहा

लोकांनी सभा संपल्यावर काय करावं, ते एका वाक्यात लिहून काढा. मग मागे या आणि तिथपर्यंत पोचायची वाट बांधा. वाडीतल्या सभेला सात-आठ मिनिटं भरपूर झाली. सावकाश बोललं तर तेवढ्यात आठ-नऊशे शब्द होतात.

मधल्या भागात खरी मेहनत आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. हा आकडा असाच वाचून दाखवलात तर कुणी मान वर करणार नाही. त्याऐवजी म्हणा, "आषाढात पागोळीखाली ठेवलेला हंडा बघता बघता भरतो. मे महिन्यात त्याच हंड्यासाठी आपण तासभर उन्हात उभे असतो." हंडा तोच ठेवलात म्हणून विरोध डोळ्यांना दिसतो. मग प्रश्न टाका, "हे पाणी जातं कुठे?" आणि गप्प राहा. उत्तर लोकांना माहीत असतं. ते त्यांच्या मनात तयार झालं की मग बंधाऱ्याची, टाकीची गोष्ट काढा. खर्च किती, जागा कुणाची, काम कुणाच्या अखत्यारीतलं, हेही सांगा. जे आपल्या हातात नाही त्याचं वचन देऊ नका. वाडीत तुमच्या चार पिढ्या लोकांना ठाऊक असतात, खोटं तिथे एक पावसाळासुद्धा टिकत नाही.

मराठीची स्वतःची हत्यारं

'आम्ही' आणि 'आपण' हा फरक मराठीने दिलेला आहे, तो वापरा. "आम्ही तुम्हाला रस्ता दिला" म्हणताच बोलणारा एका बाजूला जातो आणि ऐकणारे दुसऱ्या. "आपण हा रस्ता मिळवला" म्हटलं की सगळे एका बाजूला. मी भाषणाचा मसुदा तपासताना सर्वांत आधी 'आम्ही'वर लाल खूण करतो.

दुसरं हत्यार 'च'. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांच्या "स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच" या वाक्यातला शेवटचा 'च' काढून वाचा. निर्धाराची जागा नुसती माहिती घेते. पण असा 'च' अख्ख्या भाषणात एकदा, फार तर दोनदा यावा.

बोलीबद्दल थोडं. तुमची मालवणी किंवा संगमेश्वरी घरातली असेल तर "बरा असा मा?" म्हणून सुरुवात करा, माणसं सैलावतात. घरातली नसेल तर उसनी आणू नका. बॅरिस्टर नाथ पै वेंगुर्ल्याचे होते, राजापूर मतदारसंघाने त्यांना १९५७ पासून सलग तीनदा लोकसभेत पाठवलं. त्यांच्यानंतर त्याच राजापूरने मधू दंडवत्यांना पाच वेळा निवडून दिलं आणि ते मूळचे अहमदनगरचे (आताचं अहिल्यानगर), मुंबईत पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. बोली घरची नव्हती म्हणून लोकांनी त्यांना परकं मानलं नाही.

उभं राहिल्यावर

माईक तोंडापासून वीतभराच्या आत आणि किंचित तिरका धरा, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटणार नाहीत. पहिलं वाक्य हळू आवाजात घ्या. सुरुवातीलाच वरच्या पट्टीत गेलात तर पुढे चढायला जागा उरत नाही. कागदावर पूर्ण भाषण नको, फक्त पाच-सहा शब्द ठळक अक्षरात. नजर एका चेहऱ्यावर एक वाक्य संपेपर्यंत ठेवा, मग दुसऱ्याकडे न्या, मागे पडवीत उभ्या असलेल्या बायकांकडे तर नक्कीच. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, म्हणून मुख्य भाषण शेवटी ढकलत बसू नका.

मधेच कुणी प्रश्न विचारला तर त्याला बसवू नका. प्रश्न माईकवरून पुन्हा सांगा, म्हणजे सगळ्यांना कळतो आणि तुम्हालाही विचाराला दोन क्षण मिळतात. विरोधकाच्या कामावर हवं तेवढं बोला, त्याच्या घरावर एक शब्दही नाही. उद्या त्याच्याच दारातून तुम्हाला जायचंय.

शेवटी मत स्पष्ट शब्दांत मागा: तारीख, केंद्र, यंत्रावरचा क्रमांक, चिन्ह. पुष्कळ उमेदवार इथे लाजतात आणि नुसतं "लक्ष असू द्या" म्हणून उतरतात.

उतरल्यावर लगेच गाडीत बसू नका. घरापुढच्या खळ्यात अर्धा तास थांबा, कुणी चहा दिला तर घ्या आणि लोक काय विचारतात ते वहीत टिपा. पुढच्या वाडीतल्या भाषणाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा तिथेच सापडतं.