पावसाळ्यासाठी स्ट्रॉबेरी गोठवून ठेवताना
महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात बाजारात येते आणि उन्हाळ्याबरोबर संपते. ती पावसाळ्यापर्यंत टिकवायची असेल, तर पूर्ण लाल पण घट्ट फळेच निवडावीत, कारण देठाजवळ पांढरे राहिलेले फळ तोडल्यानंतर गोड होत नाही. फळे देठासकट थंड पाण्यात हलकेच धुवावीत; देठ आधी काढला, तर त्या खळग्यातून पाणी आत शिरते आणि चव पाणचट होते. नंतर ती सुती पंच्यावर पसरून पूर्ण कोरडी करावीत. या कामात घाई मुळीच करू नये, कारण उरलेल्या ओलाव्याचा बर्फ होऊन फळे एकमेकांना चिकटतात.

मग देठ काढून फळे एकमेकांना न टेकवता ताटात मांडावीत आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावीत. सकाळी ती ताटात गोट्यांसारखी खडखडू लागली, की लगेच पिशवीत भरावीत, हवा दाबून काढावी आणि वर तारीख लिहावी. उणे १८ अंश सेल्सिअसला ती ८ ते १० महिने चांगली राहतात. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फुटत असल्यामुळे वितळलेले फळ लिबलिबीत होते. म्हणून ते नुसते खाण्यापेक्षा मिल्कशेकसाठी किंवा मुरंब्यासाठी, आणि तेही गोठलेले असतानाच, वापरावे.