कार्बन फायबरचा उभा-आडवा रोध मोजताय? तुकडा चौरस कापू नका

एकाच दिशेने तंतू असलेल्या कार्बन फायबरच्या पत्र्यात करंट तंतूंच्या बाजूने सुसाट जातो, आडवा जाताना रखडतो. हा फरक मल्टिमीटरच्या दोन पिना टेकवून कळत नाही. पिनांच्या वायरींचाच रोध 0.2-0.3 ओहम भरतो आणि आपल्याला ओहमचा शंभरावा भाग हवा असतो. ‘व्हॅन डर पाऊ पद्धत वापर’ असं सांगणारे भेटतातच. 1958 ची ती पद्धत इथे दोन्ही दिशांच्या रोधकतांच्या (रोधकता म्हणजे तुकड्याच्या मापावर न ठरणारा, पदार्थाचा स्वतःचा रोध) गुणाकाराचं वर्गमूळ देते, वेगवेगळे आकडे नाही. आपल्या कामाची पद्धत माँटगोमेरीची, 1971 ची: आयताकृती तुकड्याच्या चार कोपऱ्यांना वायरी जोडायच्या, एका कडेच्या दोन कोपऱ्यांतून करंट द्यायचा आणि समोरच्या दोन कोपऱ्यांमधलं व्होल्टेज मोजायचं.

करंटसाठी एलएम317 ही व्होल्टेज रेग्युलेटर चिप आणि 12 ओहमचा रेझिस्टर पुरे. चिपचे 1.25 व्होल्ट भागिले 12 ओहम, म्हणजे सुमारे 104 मिलिअँपिअर. दोन्ही मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. कापताना मास्क लावा, ती धूळ वाईट.

आता कापणं. मी पहिल्यांदा 20 बाय 20 मिलिमीटरचा चौरस कापला. तंतूंना समांतर असलेल्या कडेला करंट दिला, समोरच्या कडेला व्होल्टेज 0.0. वायरी चिकटवायचा सिल्व्हर पेंट (चांदीचा वीजवाहक रंग) तीनदा खरवडून लावला, शेवटी नवा मल्टिमीटरही आणला. तोही 0.0! दोष मीटरचा नव्हताच. आडवी रोधकता 100 पट असेल, तर करंटच्या लेखी तो चौरस नसतो; 100 चं वर्गमूळ 10, म्हणून तो आडव्या बाजूला दहापट लांब असतो. करंट आपल्या कडेलाच चिकटून परत फिरतो, पलीकडे काही पोचतच नाही. म्हणून तुकडा उलट्या प्रमाणात कापा: तंतूंच्या दिशेने 50 मिमी, आडवा 5 मिमी, जाडी साधारण 1 मिमी. पट माहीत नसेल तर याच मापाने सुरुवात करा.

चारही कोपऱ्यांवरची एपॉक्सी पॉलिश पेपरने घासून तंतू उघडे करा. सिल्व्हर पेंटचा ठिपका पूर्ण जाडीभर, पण रुंदीला टाचणीच्या टोकाएवढाच. जुलैत रात्रभर सुकू द्या. दमट हवेत घाई केलीत की ठिपका वायरीसकट हातात येतो.

लांब कडेला करंट, समोरच्या लांब कडेला व्होल्टेज: व्होल्टेज भागिले करंट म्हणजे र1. तसंच आखूड कडांवर र2. प्रत्येक वेळी करंट उलटा करून पुन्हा वाचा. दोन वाचनांच्या फरकाचं अर्धं घ्या, म्हणजे जोडांमधलं उष्णतेचं व्होल्टेज निघून जातं.

र2 भागिले र1 चा नैसर्गिक लॉग घ्या, 3.1416 ने भागा, हा ल. मग य = (ल + √(ल² + 4)) ÷ 2. य ला 50/5 ने गुणून वर्ग करा, की आडवी रोधकता तंतूंच्या दिशेच्या किती पट ते आलं. र1 आणि र2 सारखे आले तर बरोबर 100 पट; र2 वीसपट असेल तर सुमारे 250. हजारपटीच्या वर गेला तर गणित करत बसू नका, तुकडा आणखी अरुंद कापा.