फ्लॅश मेमरीचे शेअर घेताय? आधी या चुका टाळा

फ्लॅश मेमरीचे, म्हणजे फोन-लॅपटॉपमध्ये डेटा साठवणाऱ्या चिपचे, भाव वाढल्याची बातमी आली की "काका, मेमरीवाले घेऊ का?" असे मेसेज सुरू होतात. बडोद्यातली आमचीच पोरं, कुणी अलकापुरीत नोकरीला, कुणी दांडिया बाजारात दुकान सांभाळणारं, मोबाईलवरून अमेरिकेतले शेअर घेता येतात म्हणून उत्साह मोठा, आणि चुका मात्र दरवेळी त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "कारखाना बंद पडला, आता भाव चढणार". ही मी स्वतः केलीये. फेब्रुवारी २०२२ मध्ये जपानात योक्काइची आणि किताकामीला, म्हणजे किऑक्सिया आणि वेस्टर्न डिजिटलच्या सामाईक कारखान्यांत, वापरायचं मटेरियल दूषित निघालं आणि वेस्टर्न डिजिटलने किमान ६.५ एक्साबाइट (एक एक्साबाइट म्हणजे शंभर कोटी गिगाबाइट) माल गेल्याचं सांगितलं. मी सुरसागरच्या काठावर बसून ते वाचलं आणि घरी पोहोचायच्या आत दुसऱ्याच एका मेमरी कंपनीचे शेअर घेतले, माल कमी म्हणजे भाव वर, बस, इतकाच विचार. ग्राहकांच्या गोदामांत किती माल पडलाय हे बघितलंच नाही. त्याच वर्षी फोन आणि लॅपटॉपची मागणी बसली, भाव कोसळले, ऑक्टोबरमध्ये किऑक्सियाला वेफर, म्हणजे ज्यावर चिप बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, सुमारे ३० टक्के कमी करावे लागले, एप्रिल २०२३ मध्ये सॅमसंगनेही कपात जाहीर केली, आणि भाव वळले ते २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत. पहिल्या कपातीपासून धरलं तरी वर्षभर गेलं. तेवढा दम नसेल तर या धंद्यात पडूच नका, मी स्पष्ट सांगतो.

तेव्हापासून माझी एक वही आहे. पानाच्या डाव्या बाजूला कंपनीकडे किती दिवसांचा साठा आहे ते, उजव्या बाजूला उत्पादनातली कपात चालू की उठवली ते, लाल पेनाने. डावा आकडा दोन तिमाही लागोपाठ उतरला नाही तर बातमी कितीही गोड असो, मी हात लावत नाही. व्हिडिओ बघून दहा मिनिटांत निर्णय घेणाऱ्यांना ही वही कंटाळवाणी वाटते, वाटू दे.

दुसरी चूक पीईची, म्हणजे शेअरचा भाव वर्षाच्या कमाईच्या किती पट आहे त्या आकड्याची. "काका, पीई चार-पाचच आहे, फुकट मिळतोय!" अरे बाबा, मेमरीत पीई सगळ्यात कमी दिसतो तोच बहुतेक वेळा धोक्याचा काळ, कारण नफा शिखरावर असतो. मायक्रॉन या अमेरिकी मेमरी कंपनीने २०१८ च्या आर्थिक वर्षात १४ अब्ज डॉलर कमावले, २०२० मध्ये ३ अब्जांच्या आत, आणि २०२३ मध्ये जवळपास ६ अब्जांचा तोटा. त्यात डीरॅमचा, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मेमरीचा, वाटा मोठा, पण चक्र तेच. मी पीई सोडून शेअरच्या भावाची पुस्तकी मूल्याशी (कंपनीची मालमत्ता वजा देणी) तुलना करतो आणि तोट्याच्या तिमाहीत थोडे थोडे घेतो, एकरकमी कधीच नाही.

नवीन इमारत उभी राहिली तरच क्षमता वाढते असंही नाही. चिपमध्ये एकावर एक रचलेले मेमरीचे थर वाढवले की त्याच वेफरवर जास्त बिट (डेटाचा सगळ्यात लहान भाग) बसतात, १६२ थरांवरून २१८ वर गेलं की नवी भिंत न बांधता माल वाढतो. म्हणून वेफर नाही, बिट मोजा.

दुकानातल्या एसएसडीच्या (फ्लॅश चिपवर चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या डिस्कच्या) भावावरून अंदाज बांधू नका, मोठे ग्राहक तिमाहीच्या करारावर घेतात.

साणंदबद्दलही सांगून टाकतो, कारण गुजरातेत राहतो म्हणून प्रत्येकजण विचारतो. तिथे मायक्रॉनचं पॅकेजिंग आणि टेस्टिंग, म्हणजे तयार चिप कापून, बंदिस्त करून तपासण्याचं काम आहे, वेफर बाहेरून येतात. तो प्लांट वाढला म्हणून जगातला फ्लॅशचा पुरवठा वाढत नाही.

आणि किऑक्सिया आणि सॅनडिस्क (वेस्टर्न डिजिटलचा वेगळा झालेला फ्लॅशचा धंदा) दोन्ही घेऊन जोखीम वाटली गेली असं समजू नका, दोघांचा माल बहुतांशी त्याच योक्काइची-किताकामीतून निघतो. योक्काइचीत २०१९ च्या जूनमध्ये साधारण १३ मिनिटं वीज गेली होती, झळ दोन्ही भागीदारांना बसली.